रिपोर्टातली फुलपाखरं

बाबा : पाणी नको, चहा नको, पंखासुद्धा लावू नकोस. तो कागद काढ आधी.

भिंगरी : कुठला कागद? आणि बाबा, आत्ता सव्वाचारच वाजलेत. शनिवारी तुम्ही सहाशिवाय उगवत नाही. काय झालंय? चेहरा का असा उतरलाय?

बाबा : मागच्या शुक्रवारी तू मला रिपोर्ट लिहून दिलास ना, बाळंतिणींच्या दवाखान्यातल्या लिफ्टचा. त्याची नक्कल तू वहीत चिकटवतेस. ती काढ.

भिंगरी : हां, तो! अहो, तो तर माझा आत्तापर्यंतचा सगळ्यात झकास रिपोर्ट आहे. सहा वाक्यं आणि सहा इडियम्स! सहा! वर्गात कुणालाही एका परिच्छेदात तीनच्या वर बसवता येत नाहीत. मॅडम म्हणाल्या...

बाबा : भिंगरे, एका जागी उभी राहा आणि वाच.

भिंगरी : थांबा, थांबा. ऑफिसातून फोन आला ना? खूश झाले ना? मला आतून वाटतच होतं. सांगा ना, ताणू नका!

बाबा : फोन आला, पण ऑफिसातून नाही. त्या दवाखान्याच्या वॉचमनचा आला. म्हणाला, मिस्त्री, लिफ्ट हल्ली फार कुरकुरते, याल तेव्हा ग्रीस घेऊन या.

भिंगरी : मग न्या की ग्रीस. एवढं घाबरायला काय झालं?

बाबा : अगं, ग्रीस कुणाला हवंय! ती लिफ्ट चालू आहे! गेले आठ दिवस मी समजत होतो ती बंद आहे.

भिंगरी : बंद का असेल?

बाबा : कारण मी तुला शुक्रवारी इथेच, या टेबलापाशी सांगितलं होतं, लिही, लिफ्ट बंद करा म्हणून. तू लिहिलंस ना?

भिंगरी : ...लिहिलं की. म्हणजे, त्या अर्थाचं लिहिलं.

बाबा : त्या अर्थाचं म्हणजे काय? वाच. एकेक वाक्य वाच आणि लगेच मराठीत सांग. सजवू नकोस.

भिंगरी : असे डोळे वटारून बसलात तर माझी जीभ अडखळेल. हं. पहिलं वाक्य. 'इन अ नटशेल, द ब्रेक लायनिंग हॅज सीन बेटर डेज.' म्हणजे, थोडक्यात सांगायचं तर ब्रेकच्या लायनिंगने याहून बरे दिवस पाहिलेत.

बाबा : बरे दिवस पाहिलेत?

भिंगरी : जुनं झालंय, असं. तसंच म्हणतात ते लोक. आपण नाही का म्हणत...

बाबा : मी तुला म्हणालो होतो, लायनिंग संपलंय. जुनं नाही. संपलंय. लोखंडावर लोखंड घासतंय तिथे. पुढे.

भिंगरी : 'वन्स इन अ ब्लू मून, द लिफ्ट गोज अ लिटल डाउन.' म्हणजे, क्वचित कधीतरी लिफ्ट जराशी खाली जाते. हे तर तुम्हीच सांगितलं होतंत! रोज नाही होत, अधूनमधून होतं, असं म्हणालात. माझ्या लक्षात आहे.

बाबा : अधूनमधून म्हणजे माणसं जास्त भरली की! रिकामी असली तर काही होत नाही. चार माणसं चढली तर चार बोटं खाली जाते, सहा चढली तर वीतभर. तुझा तो निळा चंद्र किती दिवसांनी येतो?

भिंगरी : ...दोनतीन वर्षांतून एकदा.

बाबा : पुढे वाच.

भिंगरी : बाबा, आधी पाणी तरी घ्या.

बाबा : पाणी नको म्हटलं ना. कागदाकडे बघ.

भिंगरी : 'इट गिव्ह्ज मी बटरफ्लाइज इन माय स्टमक.' तुम्ही म्हणालात ना, बघून माझ्या पोटात गोळा आला. त्यासाठी हाच वाक्प्रयोग आहे. अगदी तंतोतंत! पोटात फुलपाखरं उडतात, असं.

बाबा : फुलपाखरं.

भिंगरी : म्हणजे धाकधूक होते.

बाबा : कसली धाकधूक? तू हे कधी म्हणतेस? खरं सांग.

भिंगरी : स्टेजवर जायच्या आधी. किंवा सहलीच्या आदल्या दिवशी. म्हणजे... भीती असते, पण जराशी छान.

बाबा : ब्रेक सुटलेल्या लिफ्टच्या खाली उभा राहून मला जराशी छान भीती वाटते, असं लिहिलंस तू.

भिंगरी : पण वाक्प्रचार तर तुम्हीपण वापरलात! पोटात खराखुरा गोळा थोडाच आला होता तुमच्या?

बाबा : मी तुला सांगताना वापरला गं. तू माझी लेक आहेस. घरी मी हजार गोष्टी बोलेन. कंपनीला मी कधी पोटातलं सांगितलंय? कंपनीला मी लायनिंग किती मिलिमीटर उरलं ते सांगतो.

भिंगरी : मला काय माहीत! तुम्ही भडाभडा सांगत होता, मी सगळं घेतलं.

बाबा : बंद करा कुठे आहे? ते वाच.

भिंगरी : हे पाचवं. चौथ्यात फक्त तारीख आहे. पाचवं वाक्य... 'नाऊ द बॉल इज इन युअर कोर्ट.'

बाबा : यात बंद कुठे आहे?

भिंगरी : याचा अर्थ, आता निर्णय तुमच्या हातात.

बाबा : मी म्हणालो होतो निर्णय तुमच्या हातात?

भिंगरी : नाही.

बाबा : काय म्हणालो होतो?

भिंगरी : लिफ्ट बंद करा. पण बाबा, 'स्टॉप द लिफ्ट' एवढंच लिहिलं की किती उद्धट वाटतं! साहेबांवर ओरडल्यासारखं. आणि पहिलीतल्या पोरासारखं. मॅडम नेहमी सांगतात, इंग्रजीत मोठ्यांना हुकूम द्यायचा नसतो, सुचवायचं असतं.

बाबा : आणि शेवटचं?

भिंगरी : शेवटचं राहू दे ना.

बाबा : वाच.

भिंगरी : 'लेट अस कीप अवर फिंगर्स क्रॉस्ड.' म्हणजे... सगळं नीट होईल अशी आशा करू या.

बाबा : बावीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती करतोय मी. आशा करू या असं माझ्या सहीने गेलं?

भिंगरी : असं बोलू नका ना. पण त्या कंपनीच्या डेस्कवरच्या बाईंना आवडला होता रिपोर्ट! उत्तर आलं होतं, 'लव्हली!' आणि पुढे हसरा चेहरा. तुम्हीच मला मोबाइलवर दाखवलात.

बाबा : दाखवला खरा. मला वाटलं, वाचलं त्यांनी, बंद केली. एरवी मी माझं तोडकंमोडकं लिहायचो, 'स्टॉप लिफ्ट', की तासाभरात बंद-नंबर यायचा. त्या बाई नंबर देतात, तो इमारतीला कळवायचा, मग स्विच पाडून कुलूप लावायचं. नंबराशिवाय आम्ही कुणी हात लावत नाही. मागे एकदा मी न विचारता लिफ्ट बंद केली, तर घरी ताकिदीचं पत्र आलं होतं, आठवतंय ना?

भिंगरी : आठवतंय. पण नंबर आला नाही, तर तुम्ही विचारलं का नाही?

बाबा : शनिवारी सकाळीच मला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. म्हटलं, या भागातल्या मिस्त्रीने लावलं असेल कुलूप. आज या महिन्याच्या उरलेल्या भेटींची यादी आली. त्यात ही लिफ्ट सत्तावीस तारखेला. साधी भेट. तेलपाणी.

भिंगरी : सत्तावीस! म्हणजे अजून सतरा दिवस? बाबा, मग चला ना, आत्ता जाऊन बंद करू!

बाबा : दोन बस बदलून एक तास लागतो. आणि पाचला तिथे भेटायची वेळ सुरू होते. शनिवार आहे. नातेवाइकांची ही झुंबड! एका बाळाला बघायला सातसात जण येतात आणि सगळ्यांना एकाच खेपेत वर जायचं असतं.

भिंगरी : वॉचमनकाकांना सांगा ना, स्विच पाडा म्हणून!

बाबा : सांगितलं. ते आवाज चढवून म्हणाले, मेट्रनबाई ऐकत नाहीत. वर टाके घातलेल्या बायका आहेत, त्यांना जिन्याने कोण उतरवणार? कंपनीचा नंबर आणा, मग बघू. बरोबरच आहे त्यांचं. आणि तो नंबर देणाऱ्या बाई पाचला उठतात. एकदा उठल्या की सोमवार.

भिंगरी : मग फोन लावा! आपण इथे वाक्यं काय वाचत बसलोय!

बाबा : त्यांना मराठी येत नाही. आणि त्यांच्यासमोर काय गेलंय हे कळल्याशिवाय मी कुठल्या तोंडाने बोलू? घे. तू बोल. इंग्रजी तुझं फाडफाड आहे.

भिंगरी : मी? आत्ता? द्या. द्या इकडे. वाजतोय... हॅलो? गुड आफ्टरनून, मॅम! आय ॲम कॉलिंग ऑन बिहाफ ऑफ माय फादर... येस, द मेकॅनिक... मॅम, ॲक्च्युअली, वी आर इन हॉट वॉटर... नो, नो, नॉट द वॉटर... आय मीन, टु कट अ लाँग स्टोरी शॉर्ट... येस. येस, मॅम. थँक यू, मॅम. ओके.

बाबा : काय म्हणाल्या? दिला नंबर?

भिंगरी : नाही.

बाबा : मग थँक यू कशाला म्हणालीस?

भिंगरी : बाबा, माझ्या तोंडातून दुसरं काही निघेचना! घाबरले की तेच ते पाठ केलेलं बाहेर येतं. त्या हसल्या. म्हणाल्या, तू किती गोड बोलतेस, बाबांचे रिपोर्ट तूच लिहितेस वाटतं? आणि म्हणाल्या, घाई नसेल तर सोमवारी मेल कर.

बाबा : घाई नसेल तर.

भिंगरी : मी सांगणार होते! पण त्यांनी ठेवलाच. मी किती मूर्ख आहे. पुन्हा लावते, थांबा.

बाबा : किती वाजले?

भिंगरी : चार बेचाळीस.

बाबा : मला दे.

भिंगरी : तुम्ही? बाबा, त्या भराभर बोलतात.

बाबा : बोलू देत. स्पीकर लाव. त्या काय म्हणतात ते तू माझ्या कानात सांग. माझं मात्र सुधारायचं नाही. मधे पडायचं नाही. कबूल?

भिंगरी : कबूल. लागला. उचलला त्यांनी.

बाबा : मॅडम. आय मिस्त्री. लिफ्ट फोर वन सेव्हन. ब्रेक लायनिंग फिनिश. सिक्स मॅन इन, लिफ्ट गो डाउन. वन हँड डाउन. मॅन फॉल. बेबी फॉल. स्टॉप लिफ्ट. गिव्ह नंबर.

भिंगरी : विचारतायत, कुठली लिफ्ट? रिपोर्टमध्ये तर असं काहीच नाही म्हणतात.

बाबा : रिपोर्ट राँग, मॅडम.

भिंगरी : म्हणतायत, त्यावर तुमची सही आहे. तुम्ही वाचलं नव्हतं का?

बाबा : माय साइन. माय राँग. फर्स्ट नंबर, मॅडम. देन अँग्री.

भिंगरी : बाबा, त्या रिपोर्ट पुन्हा उघडून बघतायत वाटतं.

बाबा : फोन चालू आहे ना?

भिंगरी : चालू आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टाइप करतायत काहीतरी. विचारतायत, आज? आत्ता लगेच?

बाबा : नाऊ. फाइव्ह ओक्लॉक, मेनी मॅन.

भिंगरी : हो म्हणाल्या! नंबर सांगतायत! पेन, पेन कुठे गेलं... आठ, शून्य, शून्य, तीन, नऊ, एक. बाबा, त्या म्हणतायत पुन्हा म्हणून दाखवा. मी म्हणू?

बाबा : म्हण.

भिंगरी : एट, झीरो, झीरो, थ्री, नाइन, वन. येस, मॅम. म्हणाल्या, मी तुमच्या साहेबांना कळवते, आणि नवा रिपोर्ट आजच हवा. ठेवला. दिला, बाबा, नंबर दिला!

बाबा : नाचू नकोस. अजून लिफ्ट चालू आहे. वॉचमनला लाव.

वॉचमन : हां, मिस्त्री, बोला. नंबर मिळाला, की ग्रीस आणताय?

बाबा : मामा, ग्रीस राहू दे. कंपनीचा नंबर लिहून घ्या, आठ शून्य शून्य, तीन नऊ एक. मेट्रनबाईंना दाखवा आणि लिफ्ट बंद करा. आत्ता.

वॉचमन : मेट्रनबाई इथेच आहेत, बरोबर माझ्या मागे. बाई, नंबर आला बघा कंपनीचा... हो, म्हणतात, करा. मी जातो स्विचकडे.

बाबा : थांबा! आधी सांगा, लिफ्ट कुठे आहे?

वॉचमन : ती वर गेलीय आत्ताच. चौथ्या मजल्यावर. एक बाळंतीण घरी निघालीय.

बाबा : आत कितीजण?

वॉचमन : ती, तिचा नवरा, तिची आई, सासू, एक दीर की कोण तो, आणि आमची आया. बोचकी वेगळीच. आणि बाळ.

भिंगरी : सहा. बाबा, सहा झाले. आणि बाळ.

बाबा : मामा, वर ओरडा. म्हणावं बसू नका, जिन्याने या.

वॉचमन : दार लागलंय, मिस्त्री. निघाली खाली. स्विच पाडू का?

बाबा : नाही! अजिबात नाही! हात काढा तिथून. माणसं आत असताना वीज गेली तर सगळा भार त्या ब्रेकवरच येईल. ती खाली येऊ दे. तळमजल्यावर थांबू दे. तोवर काही करायचं नाही.

भिंगरी : काहीच नाही? नुसतं उभं राहायचं?

बाबा : नुसतं उभं राहायचं.

वॉचमन : तिसरा.

भिंगरी : किती हळू येते ती!

बाबा : हळू येऊ दे. हळूच हवीय.

वॉचमन : दुसरा. आवाज करतेय बघा. ऐकू येतोय तिकडे?

बाबा : येतोय.

(फोनमधून बराच वेळ फक्त मोटरची घरघर आणि मग एक धप्प असा आवाज.)

भिंगरी : काय झालं? काका? काका, बोला ना!

वॉचमन : थांबली. पण खाली गेलीय, मिस्त्री. वीतभर. वीतभराहून थोडी जास्तच.

बाबा : दार उघडलंय?

वॉचमन : उघडलं. ती माणसं भांबावलीत.

बाबा : ढकलाढकल होऊ देऊ नका. एकेकाला हात द्या. आधी बाळ बाहेर घ्या.

वॉचमन : दे गं, बाई, इकडे दे. घेतलं. मेट्रनबाईंकडे दिलं. आता ती स्वतः... सावकाश, पोटाला धरून. हां. आली. आता म्हाताऱ्या. अहो, साडी सांभाळा. एक. दोन. तो नवरा. दीर. आमची आया. सहाही बाहेर.

बाबा : बोचकी राहू द्या आत. आता पाडा स्विच.

वॉचमन : पाडला. कुलूप लावतो. मिस्त्री, मघाशी मी तुमच्यावर उगाच आवाज चढवला. मनावर घेऊ नका.

बाबा : नाही हो, मामा. दारासमोर एक बाक आडवा टाका. मी निघालोच.

(भिंगरी वही मिटून रडू लागते.)

बाबा : अगं. अगं, ए. रडतेस काय? सगळे बाहेर आले ना?

भिंगरी : त्या बाईच्या पोटाला टाके आहेत. आणि मी लिहिलं होतं बटरफ्लाइज. मी ते लिहिताना किती खूश होते, माहितीये तुम्हाला? मी गुणगुणत होते.

बाबा : माहितीये. मी ऐकत होतो.

भिंगरी : तुम्हाला सगळे हसले होते त्या मीटिंगमध्ये. साहेबांनी तुमचा रिपोर्ट मोठ्याने वाचून दाखवला, घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. तेव्हाच मी ठरवलं, आता बाबांचं इंग्रजी असं करायचं की सगळ्यांची तोंडं बंद झाली पाहिजेत.

बाबा : झाली होती की. दोन महिने मी ऑफिसात ताठ मानेने फिरत होतो. तू लिहायचीस आणि मी काही न विचारता खाली सही ठोकायचो. एकदाही विचारलं नाही, बाई गं, याचा अर्थ काय. विचारायची लाज वाटली मला. स्वतःच्या पोरीला विचारायची.

भिंगरी : आता नोकरीचं काय होईल?

बाबा : बोलावतील सोमवारी. बोलतील चार शब्द. पत्रही देतील कदाचित.

भिंगरी : मी येऊ तुमच्याबरोबर? मी सांगते, माझी चूक आहे म्हणून.

बाबा : सही कुणाची आहे?

भिंगरी : तुमची.

बाबा : मग मीच जाईन. तू नवा रिपोर्ट लिहून दे. आजच हवाय म्हणाल्या ना त्या?

भिंगरी : मी? अजूनही मीच लिहू?

बाबा : स्पेलिंग मला येत नाहीत, भिंगरे. पण लिहिलंस की वाचून दाखवायचं आणि अर्थ सांगायचा. मी हो म्हटलं की मगच सही.

भिंगरी : सांगा. लिहिते.

बाबा : लिफ्टचा नंबर. ब्रेकचं लायनिंग संपलंय. सहा माणसांनी लिफ्ट वीतभर खाली जाते. आज चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी बंद केली. नवं लायनिंग पाठवा. ते बसवल्याशिवाय चालू करू नका.

भिंगरी : एवढंच? वीत म्हणजे किती लिहू? त्यांना वीत कळणार नाही.

बाबा : बरं विचारलंस. जागा मोकळी सोड. मी जाऊन पट्टीने मोजतो, मग भर.

भिंगरी : बाबा.

बाबा : काय?

भिंगरी : मी त्या लिफ्टबद्दल एवढं लिहिलं, पण मी ती कधी पाहिलेलीच नाही. येऊ मी?

बाबा : ये. पण चपला नको, बूट घाल. मशीनच्या खोलीत सगळं तेल सांडलेलं असतं.